तीन कप पाणी

लेडव्हिलमध्ये सहजासहजी कुणाची डाळ शिजत नाही.
दहा हजार फुटांवर पाणी लवकर उकळतं,
म्हणजे नुसता आव आणतं उकळण्याचा.
सकाळी चढवलेला घेवडा
संध्याकाळी दाताखाली खडा.

एलॉय आर्चुलेटा, वय त्रेसष्ट.
एकतीस वर्षं मॉलिब्डेनमच्या खाणीत,
शेवटची पाळी गेल्या शुक्रवारी संपली.
आता डेल्फिना कामावर जाते,
घाटापलीकडच्या हॉटेलात, स्कीवाल्यांच्या चादरी धुवायला,
आणि हा घरी,
जन्मात अंडं न उकडलेला माणूस,
ओट्यावरच्या खोक्याभोवती फिरतो.

खोकं मार्सेलाने पाठवलंय, प्वेब्लोहून.
आत एक भांडं. तार. बटणं.
सव्वीस बटणं, त्यातलं एक दह्याचं.
आणि पुस्तिका, चार भाषांत घाबरवणारी.

डेल्फिना म्हणाली, मी घरात थांबणार नाही.
ती नऊ वर्षांची असताना अंतोनितोला
आईच्या कुकरचं झाकण छतात रुतलं होतं.
कुणाला लागलं नाही,
पण लग्नापर्यंत ती त्या डागाखाली जेवली.
रविवार होता. तिने कोट घातला,
ट्रकमध्ये जाऊन बसली, हीटर लावून.

पुस्तिका म्हणते: पहिल्या दिवशी अन्न नको.
तीन कप पाणी घाला, फक्त पाणी.
एलॉयने मोजलं, डोळ्यांच्या रेषेत कप धरून,
जसं आयुष्यभर सुरुंगाची दारू मोजली.
झाकण फिरवलं. बटण दाबलं.
आणि खुर्ची ओढून समोर बसला.

याला शिट्टी नाही.
ज्यांनी आयुष्य शिट्ट्यांवर मोजलं
त्यांना हे यंत्र मुकं वाटेल.
झाकणात एक खिळा आहे, बोटाच्या पेराएवढा,
तो वर आला की समजायचं, आत काहीतरी जमलं.

दहा मिनिटं. वीस.
झाकणाच्या कडेने वाफ नुसती पाझरतेय,
खिडकी धुकटली, खिळा जागचा हलत नाही.
ट्रकचा हॉर्न वाजला. एकदा. मग दोनदा.
एलॉय बाहेर गेला, सपाता बर्फात.
"होत नाहीये," म्हणाला.
काच दोन बोटं खाली आली.
"सकाळी ती रबराची बांगडी धुतलीस," ती म्हणाली,
"नळापाशी वाळत पडलीय. ती कुणाची?"

त्याने काही तोंडाची वाफ दवडली नाही.

बांगडी झाकणात बसवली, बोटाने चाचपत,
पूर्ण फेरी, परत एक फेरी.
पुन्हा तीन कप.
मागे दार वाजलं. ती आत आली होती,
कोट अंगात, एक हात कडीवर.

टक्.
इतका बारीक आवाज
की दोघांनीही एकमेकांकडे बघून खात्री केली.

मग कुणी काही करायचं नव्हतं.
खाणीत सुरुंग उडाला की
धूर बसेपर्यंत आत जायचं नाही,
पोरांना तो हे ओरडून सांगायचा,
त्यातला एक गेलाच होता. लुहान.
एलॉयने घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं.
डेल्फिना म्हणाली, वरची कळ फिरव ना, सुटेल वाफ.
तो म्हणाला, बसू दे.

खिळा आपण होऊन पडला.
भांड्यात पाणी,
पारदर्शक, थोडं कमी झालेलं,
नव्या रबराचा वास.
त्याने रिकाम्या अन्नासारखं ते डावाने ढवळलं.
ती हसली, मग हसत राहिली,
मग कडीवरचा हात काढून कोटाचं बटण सोडलं.

रात्री त्याने घेवडा भिजत घातला,
सान लुईसचा, गुलाबीसर, मेहुण्याने दिलेला.
पुस्तिकेत लिहिलं होतं: पंचवीस मिनिटं.
समुद्राकाठच्या कुणीतरी लिहिलं होतं.
त्याने कानामागची पेन्सिल काढली,
पंचवीसवर काट मारली,
पस्तीस लिहिलं,
आणि जरा विचार करून, बाजूला,
बांगडी.